यंदा लॉरिमर सगळ्यांना गार करणार

४ नोव्हेंबर १९५५
आज नव्या लॉरिमरचं अनावरण. झकास!
पंधरा दिवस शोरूमच्या काचा आतून तपकिरी कागदाने बंद. गाड्या लायमन प्रुएटच्या शेडमध्ये लपवल्या होत्या. लायमन अंत्यविधीचा धंदा करतो, त्यामुळे त्याच्या शेडमध्ये कोणी उगाच डोकावत नाही. दहाच्या ठोक्याला कागद टराटरा फाडला. अख्खा मेन स्ट्रीट बाहेर उभा. कॉफी, डोनट, पोरांना फुगे. गर्दी बघून बाबांची आठवण आली. त्यांनीच अठ्ठावीस साली गाडीच्या नावापुढे आमचं आडनाव घालून दारावर ‘स्टकी लॉरिमर’ ही पाटी लावली. माझ्या हातून ती उतरायची नाही, हे मी त्यांना शेवटच्या आजारात सांगितलंय.
तशी भीती नाहीच म्हणा. हिशेब सोपा आहे. कंपनी एक, गाड्या तीन. माणूस नोकरीला लागला की पिकेट घेतो. फोरमन झाला, चार लोकांत मान मिळाला की लॉरिमर. पैसा अगदीच उतू जायला लागला की बेलग्रेव्ह. मधली पायरी आपली. ती गाळून वर जाणार कोण?
समोरच्या बाजूला मेव्हणा क्लीटस पिकेट विकतो. येऊन तीन डोनट हाणले. म्हणाला, दाजी, छान आहे हो गाडी, दरवाजे तर हुबेहूब माझ्या पिकेटचे दिसतायत.
मत्सर. दुसरं काय?
संकल्प: क्लीटसच्या दुकानाकडे बघायचं नाही.

५ नोव्हेंबर
क्लीटसकडे सकाळपासून गिऱ्हाईक. काच पुसताना दिसलं. मुद्दाम बघितलं नाही.

१९ ऑक्टोबर १९५६
सत्तावन्नचं मॉडेल आलं. मागचे पंख असे उंच, की गाडी उभी असली तरी उडतेय असं वाटतं. डॉ. टूमी या दातांच्या डॉक्टरांनी ताडपत्री निघायच्या आत एक घेतली, गुलाबी आणि राखाडी. कारखान्यातला केस्लर फोरमन झाला आणि सरळ माझ्याकडे आला. पिकेट विकून टाकली म्हणाला. बघा! पायरी!
पाटीसाठी निऑनची ऑर्डर दिली. व्हर्ना म्हणाली, जरा दमाने घे. बायकांना धंद्यातली दूरदृष्टी नसते. तिचा भाऊ क्लीटस, यावरूनच काय ते समजावं.

८ नोव्हेंबर १९५७
अठ्ठावन्नची लॉरिमर. काय लांबी! गियरचा दांडाच नाही, नुसती बटणं. बोट लावलं की झालं.
एक किरकोळ बाब. गाडी गॅरेजमध्ये मावत नाही. लोक विचारतात की मागचा भाग पावसात ठेवायचा का. मी सांगितलं, प्रगती आडवी येत नाही, गॅरेज आडवं येतं. स्वतःच्या घरी करून दाखवलं. गॅरेजची मागची भिंत फोडली. आता गाडीचं नाक व्हर्नाच्या कपडे धुवायच्या खोलीत येतं. तिला म्हटलं, बंपरवर मोजे वाळत घालता येतील. ती हसली नाही.

१४ जानेवारी १९५८
थंडी कडाक्याची. बटणं गोठतात. केस्लर चर्चपासून घरापर्यंत उलटा गेला, पुढे जायचं बटण दबेना. फोनवर फार वाईट बोलला, रविवारच्या दिवशी.
मी व्हर्नाचं केस वाळवायचं यंत्र घेऊन गेलो आणि बटणांवर धरलं. दहा मिनिटांत गाडी पुढे! याला म्हणतात सेवा. आता रोज सकाळी चार-पाच घरी जावं लागतं. थंडी हा काही कंपनीचा दोष नव्हे.
व्हर्ना ओले केस घेऊन बसते. त्यावरून थोडी कुरबुर.

२२ एप्रिल
कारखान्यात एक पाळी बंद. मंदी, म्हणे. मंदी पिकेटवाल्यांसाठी. आपलं गिऱ्हाईक स्थिर.
डॉ. टूमींच्या आई वारल्या. आमच्या गावात मयताच्या घरी रिकाम्या हाताने कोणी जात नाही, ओव्हनमधून काढलेलं गरम भांडं घेऊन जातात. भांडं परत यावं म्हणून बुडाला नावाची पट्टी. व्हर्नाने हॅम-बटाट्याचं केलं. वासानेच जीव कासावीस झाला. एक चमचा मागितला तर हातावर फटका. हा पदार्थ ती फक्त मयताला करते, घरात करत नाही. अपशकुन म्हणते. लग्नाला एवढी वर्षं झाली, अजून चव बघितलेली नाही.
डॉक्टरांचं सांत्वन केलं. बोलता बोलता सहज म्हटलं, आईंच्या जाण्याने घर मोठं वाटेल, गाडीही मोठी हवी. ते म्हणाले, स्टकी, मी मागच्या आठवड्यातच बेलग्रेव्ह घेतली, आता ती तुझ्या लॉरिमरपेक्षा थोडीशीच महाग आहे. मी म्हटलं, थोडीशीच का होईना, महाग ना? ते कॉफी आणायला गेले ते आलेच नाहीत.
अंगणात केस्लर भेटला. नवी पिकेट घेऊन आला होता. लॉरिमरएवढीच लांब, वर क्रोमच्या पट्ट्या, आणि गियरला दांडा. म्हणाला, ऑर्व्हिल, ही पुढे जाते रे!
म्हणजे वरचे खाली आले आणि खालचे वर आले. मधोमध मी. याचा अर्थ सगळे माझ्याच दिशेने येतायत. उत्तम लक्षण.

३ ऑगस्ट १९५९
शेवटचा सेल्समन गेला. क्लीटसकडे. मी स्वतःच विकतो. विकण्यात जिव्हाळा येतो.
दुपारी क्लीटस आला. बसला. म्हणाला, दाजी, हट्ट सोडा आता, या माझ्याकडे भागीदार म्हणून, पाटीवर तुमचं नाव आधी घालतो, ‘स्टकी अँड हार्टझेल पिकेट’, बाबांचं नाव रस्त्यावर राहील की नाही? गळ्यात हातही टाकला. मी म्हटलं, बाबांची पाटी लॉरिमरची आहे, आणि साठचं मॉडेल येतंय, मग बघू कोण कुणाच्या दारात येतं. तो म्हणाला, तुमच्याशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, आणि तुम्ही तर भिंतीही फोडून बसलाय.
भिंतीचं त्याला व्हर्नानेच सांगितलं असणार. जेवताना तिला विचारलं. ती म्हणाली, विचार तरी कर ऑर्व्हिल, तो आपलाच आहे. मी विचार केला. नाही.
तेव्हापासून तिने अबोला धरलाय. काम शांतपणे होतं.

५ ऑगस्ट
रेडिओवर सारखी क्लीटसची जाहिरात. ‘पिकेट घ्या, पुढे जा!’ हे मला टोचून आहे. शोरूममधला रेडिओ काढला. घरचाही माळ्यावर टाकला.
संकल्प: आजपासून बाहेरच्या बातम्यांनी मन विचलित होऊ द्यायचं नाही.

११ फेब्रुवारी १९६०
साठचं मॉडेल सावकाश चाललंय. दर्जेदार माल सावकाशच जातो.
व्हर्ना गाडी चालवायला शिकली! क्लीटसने शिकवली. आणि त्याच्याकडून ती चिमुकली पिकेट ज्युनियर घेऊन घरी आली. स्टकीच्या बायकोने! लोक काय म्हणतील? ती म्हणाली, तुझी लॉरिमर वळवायची म्हणजे चर्च वळवल्यासारखं वाटतं, आणि मला कपडे धुताना गाडीच्या तोंडाकडे बघायचा कंटाळा आलाय.
रागावणार होतो. मग सुचलं, शत्रूची गाडी घरात आहे तर तिचे दोष शोधता येतील. रोज बारकाईने बघतो. अजून सापडलेले नाहीत.

३ ऑक्टोबर
एकसष्टचं मॉडेल! परत कागद. या वेळी दुहेरी, फट म्हणून ठेवली नाही. दारालाही आतून कडी, मागच्या दाराने येतो-जातो. इतकी गुप्तता मेन स्ट्रीटने कधी बघितली नसेल.

२४ ऑक्टोबर
गाड्या अजून आल्या नाहीत. कंपनीला फोन केला, जो तो दुसऱ्याकडे देतो. मोठ्या कामाच्या आधी गडबड असतेच. कागद तसाच ठेवला. उत्सुकता मुरू दे.

७ नोव्हेंबर
गाडी आली. एकच. एकच पाठवली यावरूनच तिची योग्यता कळते.
रंग पिस्ता. लायमनने शेड उघडून दिली. म्हणाला, ऑर्व्हिल, तब्येत बरी आहे ना, काही लागलं तर संकोच करू नकोस, मी याच कामात आयुष्य काढलंय. मी म्हटलं, लायमन, तू शेड दिलीस हेच खूप.

१४ नोव्हेंबर
गावात बोलबाला! पोस्टात बायका कुजबुजत होत्या, मी दिसताच गप्प. न्हाव्याने पैसे घेतले नाहीत. शोरूमच्या दाराशी कोणीतरी शेवंतीचा गुच्छ ठेवून गेलं. अनावरणाआधी फुलं, असं याआधी झालं नव्हतं.
क्लीटस रस्ता ओलांडून आला. विचारत होता, दाजी, दुकान बंद केलंत का, कागद बघून लोक मला विचारतात. मी फक्त मिश्कील हसलो. याची झोप उडाली.

१७ नोव्हेंबर
उद्या दहाला. शोरूमच्या फोनचा रिसीव्हर काढून ठेवलाय. सकाळपासून घणघणत होता, सगळ्यांना रंग आधी कळायला हवा असतो. तार घेऊन कोणी तरी पुढचं दार ठोठावत होतं. उघडलं नाही. क्लीटसची ही जुनी युक्ती असणार.

१८ नोव्हेंबर १९६०, दुपारी दोन
काय गर्दी! बाबांच्या वेळीही एवढी नव्हती.
सकाळी शीळ घालत टाय बांधला. व्हर्नाला म्हटलं, तू सावकाश ये. आवाज फुटेना तिचा, नुसती मान हलवली. तिलाही आज भरून आलं होतं.
दहाला कागद फाडला. बाहेर रांग. आणि काय शिस्त! कोणी ओरडत नाही, ढकलत नाही. पुरुष टोप्या काढून आत आले. बहुतेकांनी रविवारचे काळे कपडे घातले होते. आणि प्रत्येकाच्या हातात भांडं! टूना-नूडल, मीटलोफ, फरसबी, तीन रंगांची जेली. मी फक्त डोनट आणले होते. पार्ट्सच्या काउंटरवर जागा पुरेना.
लायमन न सांगता दारात उभा राहिला आणि रांग लावून दिली. मग गाडीपाशी गेला, हात जोडून जरा वेळ थांबला आणि म्हणाला, किती शांत दिसतेय. मी म्हटलं, इंजिन चालू केलं तरी अशीच शांत.
डॉ. टूमी माझा हात सोडेनात. म्हणाले, स्टकी, तिने तुला चांगली वर्षं दिली, तेवढं लक्षात ठेव. बेलग्रेव्हचा पश्चात्ताप होतोय बिचाऱ्याला. केस्लरची बायको म्हणाली, निदान फार हाल झाले नाहीत. मी सांगितलं, यंदा स्प्रिंगाच नव्या आहेत, हाल होणारच नाहीत. ती रडायला लागली. गाडी बघून बाई रडलेली मी पहिल्यांदाच बघितली.
भाषण केलं. ‘लॉरिमर आणखी तीस वर्षं इथेच असेल!’ टाळी नाही. सगळे खाली मान घालून उभे. भारावले होते.
क्लीटसही आला. डोनटला हात लावला नाही. माझा हात दोन्ही हातांत धरला आणि नुसतं ‘ऑर्व्हिल’ म्हणाला. दाजी नाही! आला एकदाचा वठणीवर.
ऑर्डर अजून कोणी दिली नाही. अशा गर्दीत व्यवहाराचं बोलणं लोकांना बरं वाटत नाही.
जेवण मात्र उत्कृष्ट. कोणीतरी हॅम-बटाट्याचं आणलं होतं. दोनदा घेतलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
ऑर्डरींसाठी फोन जागेवर ठेवला. ठेवताच वाजला. कंपनीचा माणूस. तार मिळाली नाही का, म्हणाला.
लॉरिमर बंद. ही आणि पुढची सगळी. सकाळी सातच्या रेडिओवर सांगितलं होतं. गावाला माहीत होतं. लायमनला, डॉक्टरांना, केस्लरच्या बायकोला.
लायमन टेबलं पुसत थांबला होता. त्याला म्हटलं, तू बोलला का नाहीस? तो म्हणाला, मला वाटलं तुला माहीत आहे आणि तू धीराने घेतोयस, मी तर व्हर्नाला म्हणणार होतो की इतका खंबीर माणूस मी माझ्या धंद्यात बघितला नाही.

२७ नोव्हेंबर
भांडी परत करायचा दिवस. लॉरिमर सुरू होईना. बटणं. व्हर्नाच्या ज्युनियरमधून निघालो. ती चालवत होती, मी मांडीवर भांडी धरून. मांडीवर एवढी भांडी घेऊनही गुडघे आरामात मावत होते, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.
रिकामं भांडं कसं द्यायचं? प्रत्येकात एकसष्टचं रंगीत माहितीपत्रक ठेवलं. छापलेली पडून होती. केस्लरच्या घरी त्याची बायको पत्रक बघून म्हणाली, अय्या, हा पिस्ता किती गोड आहे, मिळते का अजून? म्हटलं, एकच आहे. तिने नवऱ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, बटणं आहेत का? आहेत, म्हटलं. तो म्हणाला, मग असू दे.
क्लीटसकडचंही एक मोठं भांडं होतं. त्याच्या बायकोने मीटलोफ केला होता. तो दारात आला. दाजी, म्हणाला, पाटीचं मी म्हटलं होतं ते अजून तसंच आहे. दाजी म्हणाला म्हणून बरं वाटलं. मी म्हटलं, नाव आधी माझं. तो म्हणाला, आधी तुमचंच.
बाबांना काय सांगायचं ते सुचेना. निऑनमध्ये ‘स्टकी’ एवढं तरी तसंच ठेवता येईल.
शेवटी एक भांडं उरलं. बुडाला पट्टी नाही. कडेला हॅम-बटाट्याचं करपलेलं चिकटलेलं. म्हटलं, हे कुणाचं गं? व्हर्ना रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिली. वळण घेतल्यावर म्हणाली, आपलंच आहे.
हे भाजायला दीड तास लागतो. आदल्या रात्री घरात बटाटे नव्हते, हे मला माहीत आहे, मीच आणायला विसरलो होतो.
म्हणजे सातलाच तिला कळलं होतं. मी टाय बांधत होतो तेव्हा.
विचारलं तर म्हणाली, क्लीटसचा फोन आला होता, सांगायला आत आले तर तू शीळ घालत होतास रे, माझ्याच्याने सांगवेना, मग शेजारून बटाटे आणले आणि सोलायला बसले.
घराजवळ आल्यावर एवढंच म्हटलं, चांगलं झालं होतं, मी दोनदा घेतलं.
बघितलं मी, म्हणाली.