दोन पंचमांश

बाई, तुम्हाला मी एकदाच खोटं सांगितलं. ते आज लिहायला बसले आहे.

सीताबर्डीच्या आपल्या शाळेत मी नवी शिक्षिका होते आणि तुम्ही मुख्याध्यापिका. पाठ बघायला आलात की मुलींच्या शेवटच्या बाकावर बसायचात. हातात वही नाही, पेन नाही. माझा पहिला पाठ फार चांगला झाला असं मला वाटलं होतं. मधल्या सुट्टीत तुम्ही शिक्षकखोलीमागच्या स्टोव्हवर चहा केलात, कपबशी माझ्यापुढे सरकवलीत आणि विचारलंत, "काहून वं, पोरींले शिकवून राहिली होती का मले दाखवून राहिली होती?" मला रडू आलं. तुम्ही थांबलात. चहा निवला तरी थांबलात. मग माझं मीच सांगितलं, की खिडकीजवळच्या रांगेकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं. निवृत्त होताना किल्ल्या माझ्या हातात देत म्हणालात, "आधी विचारजो. अन् दुसऱ्या बाईच्या वर्गात खडूले हात लावू नको."

मी मुख्याध्यापिका झाल्यावर माझ्या हाताखाली एक नवी शिक्षिका आली, प्रताप नगरहून सायकलनं यायची. घरातली पहिली पदवीधर. मी तिचा पाठ बघायला मागे बसले, वही उघडून. तिनं फळ्यावर लिहिलं: अर्धा अधिक एक तृतीयांश, उत्तर दोन पंचमांश. मी उठले, तिच्या हातातला खडू घेतला आणि म्हणाले, "बसा तुम्ही." ती मुलींच्या बाकावर जाऊन बसली, एक मुलगी सरकली. मी गणित पुरं केलं, तेव्हा तीच मुलगी उभी राहिली. "मॅडम, बाई मुद्दाम चुकवतात. आम्ही चूक शोधून राहिलो होतो." मी म्हटलं, "खाली बस." शिक्षिकेला काहीच म्हटलं नाही. तिथेच, सगळ्या वर्गासमोर, एक वाक्य पुरलं असतं. ते तोंडातून निघेना.

त्यानंतर मी दारात दिसले की ती शिकवणं थांबवायची आणि खडू माझ्यापुढे धरायची. उद्धटपणे नाही, अगदी अदबीनं. "चालू द्या," मी म्हणायचे. हात खाली यायचा नाही. आजही येत नाही. डोळे मिटले की तो हात तसाच असतो, बोटांवर पांढरी भुकटी.

दिवाळीच्या सुट्टीआधी तिनं राजीनामा दिला. त्याच आठवड्यात मी तुम्हाला भेटायला दवाखान्यात आले होते. तुम्ही विचारलंत, "ते नवी पोरगी कशी शिकवून राहिली?" मी म्हटलं, "छान." तिचा राजीनामा माझ्या पर्समध्ये होता. तुम्ही थांबलात, त्या चहाच्या दिवशी थांबला होतात तशाच. मी खाली मान घालून संत्र्याच्या बिया काढत राहिले. पुढच्या भेटीआधीच तुम्ही गेलात.

नंतर एकदा ती हिंगण्याच्या कंपनीच्या बसची वाट पाहत उभी दिसली. "बरं चाललंय ना?" मी विचारलं. "हो मॅडम," ती हसून म्हणाली, "तिथं मागं कोणी बसत नाही."

हे खरं तर तिला लिहायचं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही आता काही विचारणार नाही. प्रताप नगरातलं तिचं घर मला ठाऊक आहे. त्या बाजूला काम निघालं की मी पलीकडच्या रस्त्यानं जाते.