सासरेबुवांचं दुसरं नाव

रविवार, ४ फेब्रुवारी

आज दाजींची गाडी माझ्या जुन्या गाड्यांच्या आवारात आली आणि दाजी टॅक्सीने घरी गेले!

काचबिंदू. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी गाडी चालवायला बंदी केलीय. दाजींनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली, माझी मूठ स्वतःच्या हाताने मिटली आणि म्हणाले, "जपणारा माणूस बघ. घाई नाही. भंगारात मात्र नको." बस्स. बत्तीस वर्षं विम्याच्या कचेरीत काढलेला माणूस, जास्त बोलला तर हप्ता वाढेल अशी भीती असावी! ताई दोन पावलं मागे राहिली. हळूच म्हणाली, "काल तास‌भर पुसत होते तिला. दिसत नाही, तरी."

संध्याकाळी मी एकटाच तिच्यात बसून राहिलो. साधी राखाडी जपानी सेडान. एक पिशवी घेऊन या शहरात आलो, ताईकडे उतरलो, तेव्हा पहिल्याच रविवारी दाजींनी बादली आणि फडकं हातात दिलं होतं. माझी पहिली कमाई म्हणजे हिची धुलाई! मग शेजारच्यांची, मग गल्लीची, आणि आज हे आवार. थंडीत गार पाण्यात हात घालण्याआधी मी तळवे हिच्या बॉनेटवर ठेवायचो. दर रविवारी ते गरम असायचं. आत लोखंड निवत असायचं — टिक्... टिक्... इतक्या सकाळी कुठे जाऊन येत होते देव जाणे. दूध आणायला, दुसरं काय!

रविवार, ११ फेब्रुवारी

गाडीवेड्यांचा अड्डा. दर रविवारी माझ्या पत्र्याच्या शेडखाली जमतात, माझाच चहा पितात आणि माझ्याच मालाला नावं ठेवतात. सगळे जपानी गाड्यांचे भक्त. पण गाडीचं खरं नाव कधी तोंडातून निघणार नाही. छोटी गोल ती 'बेडूक'. चौकोनी ती 'पावाचा डबा'. मागे मोठा पंख असलेली ती 'राक्षस'. 'राक्षस' म्हणताना आवाज आपोआप खाली येतो, देवाचं नाव घेतल्यासारखा.

दाजींची गाडी दिसली आणि दातांचे डॉक्टर ओरडले, "अरे, सासरेबुवा आले!" म्हणजे कंटाळवाणी, सज्जन, वेळेवर घरी जाणारी.

फोटोवाला म्हणाला, "इंजिन चालू केलं की शिवणयंत्र वाटतं. एखादी सदरा-पँट शिवून घ्या!"

डॉक्टर म्हणाले, "या असल्या जपान्या म्हणजे फ्रिज हो. बंदही पडत नाहीत आणि त्यांच्या प्रेमातही कुणी पडत नाही."

मी पलीकडे ऑफिसात. माझे कान भिंतीलाच लावलेले असतात असं आमची ही म्हणते. ती मंडळी जाईपर्यंत तिथेच थांबलो. एकानेही दार उघडून आत पाहिलं नाही.

बुधवार, १४ फेब्रुवारी

भंगारवाला येऊन गेला. टपावर थाप मारून म्हणतो, "शेठ, ही कोण घेणार? मला द्या, सुटे भाग तरी कामी येतील." त्याला चहा पाजून वाटेला लावलं. दिवसभर ती थाप कानात.

विचार करतोय. हे अड्ड्यावरचे लोक गाडी कुठे विकत घेतात? नाव विकत घेतात!

रविवार, १८ फेब्रुवारी

पेरलं!

जपानहून माल पाठवणाऱ्याने दिलेलं कॅलेंडर भिंतीवर आहे, चंद्राच्या चित्रांचं. त्यावरून एक शब्द शिकलो होतो — त्सुकी. त्सुकी म्हणजे चंद्र. आज चहा देता देता फक्त एवढंच विचारलं, "डॉक्टर, ही ती त्सुकी नव्हे ना हो?" आणि लगेच जीभ चावली. सांगितलेल्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, लपवलेल्यावर सगळे ठेवतात.

"कुठली त्सुकी?" फोटोवाला खुर्ची ओढून पुढे आला.

"जाऊ द्या हो."

"शेठ, भाव खाऊ नका!"

मग सांगितलं. तिकडे जपानात डोंगर आहेत. कचेरीत काम करणारी मुकी माणसं असतात, ज्यांच्याकडे कुणी वळून पाहत नाही. रविवारी घर झोपलेलं असताना ती अशीच साधी सेडान काढतात आणि वळणांच्या रस्त्याला लागतात. गाजावाजा नाही, शर्यत नाही. एकटंच चढायचं, एकटंच उतरायचं, दूध उतू जायच्या आत घरी. वस्तीतल्या लोकांना झाडांमधून सरकत जाणारे दोन दिवे तेवढे दिसतात, आवाज येत नाही. म्हणून नाव पडलं चंद्र.

शेडखाली सगळ्यांचा चहा गार झाला. खरं सांगायचं तर मीही ऐकतच होतो. कुठून आलं हे सगळं? तोंडातून बाहेर पडेपर्यंत मला तरी कुठे ठाऊक होतं!

मंगळवार, २० फेब्रुवारी

दुसऱ्या शहरातून फोन. "तुमच्याकडे त्सुकी आहे म्हणे?" वर मलाच शिकवतो — खरी त्सुकी राखाडीच असते, बाकीच्या नकली, आणि ती ओळखायला कान लागतात. मी "असं होय!" म्हणालो. फोन ठेवल्यावर उठून गाडीकडे गेलो आणि खात्री केली. राखाडीच आहे.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

स्वप्न. झाडांमधून दोन दिवे जातायत. मी मागून पळतोय, हातात भरलेली बादली. एक थेंब सांडत नाही. गाडी चालवणाऱ्याची फक्त मान दिसते. ओळखीची मान. जागा झालो तेव्हा तळवे गरम होते.

रविवार, २५ फेब्रुवारी

आज शेडखाली उभं राहायला जागा नाही! त्सुकीसोबत फोटो काढून घेतायत. पंधरा दिवसांपूर्वीचा फ्रिज!

डॉक्टर सरळ हात पुढे करून म्हणाले, "माझी. ठरलं." मला हायसं वाटलं. जपतील, पैशाला कमी नाही. पण लगेच सुरू झाले — गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली घेणार, पांढरीशुभ्र रंगवणार, दारांवर चंद्र काढणार, आणि मागे एवढा मोठा सायलेन्सर. "छातीत धडधडलं पाहिजे, शेठ!"

मी म्हटलं, "डॉक्टर, पण त्सुकी आवाज करत नाही."

"आवाज नसला तर लोकांना कळणार कसं, ही त्सुकी आहे म्हणून?"

माझ्याच हाताने खणलेला खड्डा. भंगारवाला तिचे तुकडे करणार होता, हे तिची वरात काढणार. 'मालकांना विचारतो' म्हणून हात सोडवून घेतला.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

ताईकडे गेलो. गिऱ्हाईक मिळालंय पण असं असं आहे, हे दाजींना सांगणं भाग होतं. आणि डॉक्टर एवढे का पेटलेत ते सांगायचं तर त्सुकीची गोष्टही सांगावी लागली. हसवायला म्हणून चांगली रंगवून सांगितली — मुकी माणसं, डोंगर, दिवे, दूध.

ताई पदर तोंडाला लावून हसली. "अरे, फसवलंस की सगळ्यांना! ही गाडी आणि डोंगर! ह्यांच्याबरोबर बाजारात जाऊन यायचं तर मला डुलकी लागते."

दाजी हसले नाहीत. कप बशीवर फिरवत राहिले. तो बारीक आवाज माझ्या कानात अजून आहे. ताई भांडी घेऊन आत गेली तेव्हा माझ्याकडे तोंड करून — नीट माझ्याकडे नाही, जरासं बाजूला — विचारलं, "दिवे झाडांमधून दिसतात, म्हणालास?"

"गोष्ट हो, दाजी. बनवलेली."

"हं." मग म्हणाले, "रविवारी गाडी घेऊन ये. उजाडायच्या आत. हॉर्न वाजवू नकोस, ताई झोपलेली असते."

रविवार, ४ मार्च

गावाबाहेरच्या डोंगरावर जाऊन आलो. गाडी मी चालवत होतो, दाजी शेजारी, डोळे मिटून. "डावं. आता पाय काढ. उजवं, लांबलचक आहे, घाबरू नकोस, तिला माहीत आहे." एकही वळण चुकलं नाही. मला घाम फुटला होता आणि ते गालात हसत होते! एवढी वर्षं ओळखतो, हे हसू कधी पाहिलं नव्हतं.

वर थांबलो तेव्हा म्हणाले, "मला वाटायचं, कुणाला पत्ता नाही. तुला कुणी सांगितलं?"

काय सांगू? बॉनेटने सांगितलं म्हणू?

डॉक्टरांना कळवायचं, गाडी विकायची नाही. दर रविवारी लागणार आहे.

परतताना कोपऱ्यावर दाजींनी खांद्याला हात लावून थांबवलं. खिशातून घडी घातलेली पिशवी काढली.

"दूध घे," म्हणाले. "नाहीतर तुझी ताई विचारेल, कुठे गेला होता."