सेवेरोच्या मागची जागा

१५ फेब्रुवारी, गुरुवार

काल उपवासकाळाचा पहिला दिवस, राखेचा बुधवार; सकाळी देवळात जाऊन कपाळावर राख लावून घेतली. पाद्री म्हणाले, "माती आहेस, मातीत जाशील." मी मनात म्हटलं— आधी सेवेरो जाऊ दे! राख ओली होती अजून. पायरी उतरतानाच खाली आवळलं, मुठीसारखं.

कधी आवळतं ते लिहीत जा, असं नोएमीबाईंनी सांगितलंय. बाई शहरात व्यायामाचे उपचार करतात. म्हणून ही वही. माझ्या बायकोला, एर्लिंदाला, माझं अक्षर लागत नाही, ते बरंच आहे.

दुखणं कुठलं ते इथे तरी सरळ लिहितो. अंडांच्या मागे, बैठकीच्या जागी, आत. तीन वर्षं झाली. मी विणकर; मागावर बसून पायाखालच्या पावड्या दाबायला लागलो की निखाऱ्यावर बसल्यासारखं. तीन डॉक्टर झाले, दोन वर्षं गोळ्या झाल्या. जंतू एकदाही सापडले नाहीत.

बायकोशिवाय हे एकाच माणसाला सांगितलं होतं. सेवेरोला. माझ्या लेकीला, इर्माला, त्याने बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरलं. त्या दिवसापासून तो माझा कोंपादरे— भावापेक्षा वरचं नातं. लहानपणचे मित्र आम्ही, पण तेव्हापासून एकमेकांना 'तुम्ही' म्हणू लागलो. रीतच तशी आहे.

गेल्या गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत चढावर मला सहन होईना. मृत प्रभूच्या मूर्तीची पालखी आम्ही खांद्यावर वाहतो; तिच्याखालून बाहेर पडलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा. तेव्हा हा सेवेरो मोठ्याने ओरडला— "वाट द्या रे, बाळंतिणीला वाट द्या! हिचं खालचं दुखतंय!" ऐंशी माणसं हसली. वर प्रभू मरून पडलेला, आणि खाली हसू!

वर्ष होत आलं. कोंपादरे हा शब्द माझ्या तोंडून निघालेला नाही.

१७ फेब्रुवारी, शनिवार

मागावर चार वेळा आवळलं. चारही वेळा सेवेरोच डोक्यात होता.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

पहाटेच्या बसने नोएमीबाईंकडे. आज आतून तपासलं. आधी दोनदा विचारलं, "चालेल ना? नको म्हणालात की तिथेच थांबेन." मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत 'चालेल' म्हटलं. हातमोजा घातलेल्या बोटाने त्यांनी आत एक जागा दाबली— आणि माझं तीन वर्षांचं दुखणं जसंच्या तसं उठलं! रडू आलं. दुखलं म्हणून नाही. ते खरं निघालं म्हणून.

म्हणाल्या, "आत काही फाटलेलं नाही, कुजलेलं नाही. हा स्नायू पहारा करून करून थकलाय, त्याला घरी जायला सांगणारं कोणी नाही."

मग पाठीवर निजून गुडघे छातीशी घ्यायचे. श्वास पोटात घ्यायचा, आणि घेताना खालचा तळ सैल सोडायचा. ढकलायचं नाही, नुसतं सोडायचं. मागावर हातभर कापड झालं की उठायचं.

"भार उचलताना काय करता?"

"दम कोंडतो. खालून घट्ट आवळतो. आमच्या वडिलांनी तसंच शिकवलं."

"आता उलटं शिका. भार घेताना श्वास सोडा."

ऐकायला सोपं. पन्नाशीला आलेल्या माणसाने श्वास शिकायचा म्हणजे!

३ मार्च, रविवार

आज खांदे मोजले. पालखी वाहणाऱ्या मंडळाच्या दालनात खुणांचा खांब आहे. ज्याचा खांदा ज्या खुणेला, त्याला ती जागा, म्हणजे पालखी समतल राहते. आत शिरलो तर मागून कोणीतरी— "बाळंतीण उठली वाटतं!" सेवेरो हसला. बोलला नाही, नुसता हसला.

म्हातारे त्रान्सितो काका मोजणारे. म्हणाले, "गप्प बसा रे! इथे फक्त खांदा बोलतो." माझी खूण तीच निघाली, नेहमीची. सेवेरोचीही तीच. तेरावी जागा त्याची, चौदावी, त्याच्या लगेच मागची, माझी. चढाची पाळी आमच्याकडे.

आम्हा वाहणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असते आणि कोणी ती बोलत नाही. मागच्याने खांदा बोटभर खाली घेतला, तर त्याचा भार पुढच्यावर जातो. पुढच्याला कळतं, पण मान वळवता येत नाही.

बोटभर! चढाच्या मधोमध. ऐंशी जणांसमोर तो बाहेर पडेल. मी ओरडणार नाही. मी तर श्वास शिकलेला माणूस.



१० मार्च, रविवार

एर्लिंदा बाजारातून हसत आली. सेवेरोची बायको भेटली होती. "तुमचे कोंपादरे हल्ली उभ्याने जेवतात म्हणे! खुर्ची दिली तर बायकोवर खेकसतात. रात्री चारदा उठतात. गोळ्या चालू आहेत."

उभ्याने! मी दोन वर्षं उभ्याने जेवलो.

आज देवळात सेवेरोला पाहिलं. बाकाच्या कडेला, एका कुल्ल्यावर बसला होता. आता बोटभरही लागणार नाही. अर्धं बोट पुरे.

लिहितानाच आवळलं. खूण केली.

१४ मार्च, गुरुवार

नोएमीबाईंनी खांद्यावर वाळूची पोती बांधलेली तुळई दिली. श्वास सोडत उचलली. दहा पावलं— दुखलं, पण निखारा नव्हता. त्यांनी वहीतल्या खुणा चाळल्या.

"बसण्याने पाच वेळा. चढण्याने दोन. आणि हे 'स' म्हणजे काय? एकतीस वेळा?"

"एक माणूस आहे."

"तो तुमच्या मागावर येऊन बसतो का?"

"नाही."

"मग त्याला तिथे घेऊन कोण येतं?"

वही ओढून घेतली. बसमध्ये सगळा वेळ त्यांचाच राग आला. त्यांना काय ठाऊक, ऐंशी माणसं हसतात ते कसं ऐकू येतं!

२४ मार्च, झावळ्यांचा रविवार

ठरलं. चढावरच्या पिवळ्या भिंतीपाशी. प्रभू मला बघेलच, बघू दे.

२९ मार्च, गुड फ्रायडे

पिवळी भिंत आली. सेवेरोची मान समोर, घामाने निथळलेली, दम कोंडलेला.  मी खांदा काढलाही, अर्धं बोट— त्याच्या घशातून आवाज आला. तो आवाज मला पाठ आहे. माझाच आहे तो.

मी खांदा परत लावला. पूर्ण, आणि वर थोडा. त्याच्या कानाशी म्हटलं, "श्वास सोडा, कोंपादरे. खालून सोडा."

माफ केलेलं नाही. पुढच्या गुरुवारची नोएमीबाईंकडची माझी वेळ त्याच्या नावावर केली आहे.