चार मासोळ्या आणि योग्य कॅमेरा

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ७.
पत्नी शकुबाई आठ दिवसांच्या हवापालटासाठी नागपुरास कन्या कामिनीकडे गेली, त्यास आज अठरा दिवस झाले. जाण्याच्या आदल्या रात्री मी तिच्या मासोळ्यांच्या काचपेटीची हवेची मोटर बंद केली होती. सकाळी सहापैकी दोन मृत आढळल्या. विजेची बचत करणे हा गुन्हा नव्हे. तिच्या जाण्याचा याच्याशी संबंध नाही.
उरलेल्या चार ठणठणीत आहेत. त्यांचे छायाचित्र पाहताच ती परत येईल. सबब कॅमेरा घेण्याचे ठरविले. मर्यादा पाच हजार. ९ नोव्हेंबरला गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. त्या दिवशी घरोघरी पाहुणे असतात आणि घरची बाई बाहेर असणे शोभत नाही.

१४ ऑक्टोबर.
शेजारचा हेमराज म्हणाला, "काकाजी, कॅमेरा कायले? माह्या मोबाइलनं काढून देतो, एका मिनिटात काकूले पोहोचते." नकार दिला. एका मिनिटात पोहोचणाऱ्या वस्तूस मोल नसते. शिवाय त्याला कारण सांगावे लागले असते. कारण साऱ्या गावाला ठाऊक आहे, असे तो म्हणाला. गावाला काहीही ठाऊक नसते.

१७ ऑक्टोबर. पवनी.
दुकानदाराने प्रथम अठ्ठावीस हजारांचा दाखविला. मी मेगापिक्सेल विचारले. चौथीला केंद्रात पहिला आलेल्या माणसास असे शब्द जड जात नाहीत. उत्तर समजले नाही. तो फार भरभर बोलत होता. नंतर बाराशेचा दाखविला. त्यातून गाणे वाजते. परत आलो.

२१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन.
शकुबाईचा फोन. "मासोया जित्या आहेत ना?" उत्तम आहेत, असे सांगितले. "मोटर चालू ठेवजा." इतके बोलून फोन ठेवला. केव्हा येणार, हे विचारणे माझ्या स्वभावात नाही. एक पणती लावली.

२५ ऑक्टोबर. अड्याळ.
लग्नाचे फोटो काढणाऱ्या कवडूकडून त्याचा जुना कॅमेरा घेतला. साडेचार हजार, पिशवीसह. त्याचा उपदेश: फ्लॅश बंद ठेवा, काच पुसा, दिवा पेटीच्या वर धरा, भिंग काचेला लावा. "पण बाबाजी, मासोयी थांबन का?" माझ्या घरात शिस्त आहे, असे उत्तर दिले.

२६ ऑक्टोबर.
एकूण छायाचित्रे ६१. शेपट्या ५२. भिंत ७. माझा अंगठा २. दोष फोकसचा आहे.

२८ ऑक्टोबर.
मासोळ्या एका जागी याव्यात म्हणून दोन मुठी धानाचा कोंडा टाकला. गावतलावात आम्ही टोपल्यांनी टाकतो आणि मासे गोळा होतात. येथेही झाले. मात्र तासाभरात पाणी ताकासारखे झाले व मासोळ्या वर येऊन तोंडे उघडू लागल्या. हेमराज धावत आला. "काकाजी, हा तलाव होय का?" त्याची पत्नी मोना दारातून म्हणाली, "काकू काहून गेल्या, समजलं आता."
दिवसभर बसून विहिरीचे पाणी थोडे थोडे बदलले. जेवण राहिले. यात माया वगैरे नाही. कॅमेऱ्याची किंमत वाया जाऊ नये, इतकेच.

२ नोव्हेंबर.
चारही जिवंत. दुपारी तीनला एका ओळीत आल्या. काढले. डोळे, खवले, सर्व स्पष्ट.

४ नोव्हेंबर.
कवडूकडून मोठी प्रत करवून रजिस्टर टपालाने पाठविली. मागे लिहिले: "चारही सुरक्षित. मोटर अखंड चालू." खाली जागा उरली होती. 'घरी ये' लिहिता आले असते. सुज्ञास सांगणे न लगे.

८ नोव्हेंबर.
कामिनीचा फोन. फोटो पाहून आईच्या डोळ्यांत पाणी आले, उद्या मंडईला गाडी येते आहे. योजना यशस्वी. अंगण स्वतः झाडले. कोंबडा सांगून ठेवला. शकुबाईची खाट उन्हात टाकली.

९ नोव्हेंबर. मंडई. सायंकाळी ५.
गाडी अकराला आली. जावई चंद्रकुमार एकटेच उतरले. हाती झाकणाचे दोन डबे. म्हणाले, "मामाजी, फोटो पाहून आई लय खूश झाल्या. म्हणे चारही चांगल्या तगल्या, आता प्रवास सोसतीन, घेऊन या." मंडईसाठी शकुबाई का आली नाही, असे मी विचारले. प्रश्न चुकीचा मांडला गेला. जावयांनी पाणी मागितले.
मासोळ्या मीच धरल्या. एकही निसटली नाही. काचपेटीही दिली. जावई जेवले, कोंबड्याची स्तुती केली. निघताना खिशातून शकुबाईची चिठ्ठी काढली. लुगडी पाच, शाल, स्वेटर, गुडघ्याचे तेल आणि हिवाळ्यानंतर लागणारे पातळ पांघरूण.
गाठोडे मीच बांधले. गाठ उत्तम बसली.