ताईच्या लुगड्याची गोधडी

सेक्टर ६, भिलाई
१२ जानेवारी १९६२

ति. सौ. सत्यभामाताईस,
पंचफुलाचा शि. सा. न. वि. वि.

यांचा पाय सायकलवरून पडून मोडला, तेव्हापासून घर माह्या गोधड्यांवरच चालून राहिलं आहे. इथं कारखान्याच्या वसाहतीत सारे नवे. कोणाच्या घरी म्हातारी नाही, की पेटीत जुनं लुगडं नाही. म्हणून तर तुह्या जुन्या लुगड्यांच्या गठ्ठ्याची एवढी वाट पाहते. नळावर एकीनं दुसरीले सांगितलं, तेवढीच माह्या दुकानाची पाटी. तेलगू, बंगाली बायासुद्धा बाळंतपणाआधी माहं दार विचारत येत.

बाळाची पहिली गोधडी लेकुरवाळीच्या लुगड्याची पाहिजे, हे तुले ठाऊकच आहे. मी दरेकीले तसंच सांगून देते. शेजारच्या सिंधुताईच्या पोराले तुह्या हिरव्या लुगड्याची शिवली. त्याच्या बारशाले तुमच्या तुमसरची रुक्मा आली अन् तिनं काठ ओळखला. साऱ्यांसमोर म्हणाली, हे तर सत्यभामाचं, जिची दोन्ही लेकरं गेली. त्यातच पोराले ताप आला. आता उतरला, पण सकाळी नळावर दुसरी गोष्टच नव्हती.

बाया काही बोलत नाहीत, नुसत्या गोधड्या आणून कुंपणावर टाकून जातात. तुह्या लुगड्याच्या नाहीत त्यासुद्धा! कोणाशी भांडू, सांग.

सिंधुताई म्हणते, ते लुगडं ताईचं नाही असं पुढच्या रविवारी मंदिरात हात जोडून सांग, बाकी मी पाहून घेईन. तुले विचारल्याबिगर माहं तोंड उघडत नाही. भाटव्यांले नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुही लहानी बहीण,
पंचफुला


तुमसर
१६ जानेवारी १९६२

चि. सौ. पंचफुलास अनेक आशीर्वाद.

अवो बावळे, एवढं विचारायले पत्र कावून लिहिलं? सांगून टाक नाही म्हणून. देवाले समजते सारं. घरात चूल पेटली पाहिजे.

रुक्मा खोटं बोलली नाही. माही दोन्ही लेकरं त्याच लुगड्यात निजत. मले ते मऊ लागलं म्हणून गठ्ठ्यात टाकलं, दुसरं काही डोक्यात आलंच नाही. आता मात्र मन खात राहिलं आहे. यांले, तुह्या भाटव्याले, यातलं काही सांगितलं नाही. उरलेलं अर्धं लुगडं चुलीत घालायले काढलं होतं, पण हात धजत नाही माय.

जावयाच्या पायाले तिळाचं तेल लाव. अन् रडत बसू नको, लहानपणापासून तुही तीच खोड. अधूनमधून मले आठवत जा.

तुही ताई,
सत्यभामा


सेक्टर ६, भिलाई
२४ जानेवारी १९६२

ति. सौ. ताईस शि. सा. न.

मी मंदिरात गेली. साऱ्या आल्या होत्या. हात जोडले, नाही म्हणायचं ठरवूनच गेली होती. पण तोंडातून निघेचना वो! म्हटलं, लुगडं माह्या ताईचंच आहे. माय गेली तेव्हा मी रांगत होती. ताईनं मले आपल्या सासरी नेलं, त्याच लुगड्याच्या झोळीत झोपवलं. शिवताना माह्या मनात काही आलंच नाही, कावून की माह्यासाठी तू लेकुरवाळीच. तुही लेक मी, अन् मी जिती आहे.

बाया उठल्या. एकेक करून निघून गेल्या. सिंधुताईनं गोधडी परत नाही केली, पण पोराखालीही घालत नाही, कपाटावर ठेवली आहे. आता कोणी माहं दार विचारत नाही. मी शाळेत पाणी भरायले जाते. नळावर मले पाहून बाया गप्प होतात, ते फार लागते.

एक गोधडी मात्र शिवायची आहे. मले दिवस गेले आहेत, ताई. भीती मलेही वाटते, तुह्याशी खोटं कावून बोलू? तरी ते अर्धं लुगडं चुलीत घालू नको. पाठवून दे. नाही, पाठवू नको, तूच घेऊन ये. पहिला टाका तुह्या हातचा पाहिजे.

वाट पाहते.

तुही लेक,
पंचफुला