आधी एएनएम, मग पुढचं

दादा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. आपल्या दोघांत पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. मी नोकरीला बाहेर पडले तेव्हाही तुम्ही फोनवर 'जेवलीस का' एवढं विचारून फोन आईच्या हातात द्यायचात. तुम्ही भूमच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं वार्डबॉय होता. पेशंट, डॉक्टर, सिस्टर, सगळेच तुम्हाला मामा म्हणायचे. लहानपणी मी डबा घेऊन यायचे तेव्हा मला वाटायचं, एवढ्या माणसांचा मामा म्हणजे आपला बाप कुणीतरी मोठा आहे. पुढं कळलं, मामा म्हटलं की माणसाचं नाव विचारावं लागत नाही. तुम्हाला ते आधीपासून माहीत असणार. म्हणूनच तुमचं एकच म्हणणं होतं, पोरीनं सिस्टर व्हायचं. पक्की, रजिस्टरवाली, जिच्या छातीवर नावाची पट्टी असते.

बारावी मी आर्ट्समधून केली. पक्की सिस्टर करणाऱ्या तीन वर्षांच्या जीएनएमला नंबर लागला नाही, सायन्सच्या मुली पुढं होत्या. दोन वर्षांच्या एएनएमला लागत होता. तुम्ही जेवायला बसलेले, आई चुलीपुढं भाकरी थापतेय, आणि मी तिच्या आडोशानं तुम्हाला समजावतेय. "आधी एएनएम करते. ते झालं की त्याच्यावर जीएनएमला घेत्यात. दोन वर्षं जास्ती जातील, पण घरी बसण्यापेक्षा बरं." तुम्ही ताटातला हात थांबवला.

"एएनएम म्हंजे गावोगाव लसी टोचत हिंडायचं. वार्डात तिला कोण इचारतंय? परत सायन्स घे."

"अन् त्यात नापास झाले तर?"

"तर परत बस. मधल्या पायरीवर टेकलेलं माणूस वर जात न्हाय. म्या बी तात्पुरता म्हणूनच लागलो हुतो."

मी एवढी चिडले होते की शेवटचं वाक्य कानावरून गेलं. ते नीट ऐकू यायला मला बरीच वर्षं लागली.

आईची सही घेऊन मी प्रवेश घेतला. तुम्ही तीन आठवडे माझ्याशी बोलला नाहीत. होस्टेलला जायच्या आदल्या दिवशी ड्युटीवरून आलात, हातपाय धुतलेत आणि आईला म्हणालात, "बाजंवर पड."

"मला काय झालंय?"

"तुला लकवा झालाय. पड गुमान."

मग तुम्ही मला पेशंटला न उठवता त्याच्याखालची चादर बदलायला शिकवलंत. आधी कुशीवर घ्यायचं, जुनी चादर गुंडाळत पाठीपर्यंत न्यायची, नवी तिच्याच मागं सारायची, मग दुसऱ्या कुशीवर. "पेशंटला वढायचं न्हाय, चादर वढायची. अन् आधी त्याला सांगायचं, आता तुम्हाला वळवते म्हणून. बेशुद्ध आसला तरी सांगायचं." आई हसून हसून लकवा विसरत होती. तुम्ही हसत नव्हता. माझ्याकडून सहा वेळा करून घेतलंत आणि सहाव्यांदा म्हणालात, "जमतंय." पुढं दोन्ही कोर्सच्या मिळून पाच वर्षांत मला बऱ्याच बाईंनी शिकवलं, पण एवढ्या काळजीनं कुणी शिकवलं नाही.

एएनएम झाल्यावर मी ढोकीच्या पलीकडं एका उपकेंद्रावर लागले. साखर कारखाना सुरू झाला की ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांवर जायचं, गरोदर बायकांची नोंद करायची, पोरांना लसी द्यायच्या. तुम्ही म्हणाला होता तसंच हिंडणं. एक बाई होती, तिसऱ्या वेळेची, पाय सुजलेले, डोकं दुखतंय म्हणत होती आणि दवाखान्यात यायला तयार नव्हती. सकाळभर मी तिच्या कोपीपुढं बसून राहिले. दुपारी ती म्हणाली, "तुमी संगं राहताव का?" मी म्हटलं, राहते. तिला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेले. तिथं तिला झटके आले, पण डॉक्टर समोर होते. ती वाचली, बाळही वाचलं. त्यानंतर मला जीएनएमची घाई राहिली नाही. खरं सांगायचं तर इच्छाही राहिली नाही.

तुम्ही मात्र दर वर्षी प्रवेश सुरू झाले की विचारायचात, "फॉर्म भरला का?" मी म्हणायचे, भरते. पाचव्या वर्षी तुमच्या छातीत दुखायला लागलं आणि तुम्ही ज्या वार्डात उभं आयुष्य काढलं त्याच वार्डात तुम्हाला ठेवलं. मी एसटीनं दुपारी पोचले. तुम्ही डोळे उघडलेत आणि पुन्हा तेच विचारलंत. मी म्हटलं, भरला.

"नंबर लागंल?"

"लागंल."

सलाईन बघायला आलेल्या सिस्टरला तुम्ही सांगितलंत, "आमची पोरगी आता रजिस्टरवाली व्हनार." दोन दिवसांनी तुम्ही गेलात. दादा, मी फॉर्म आणलासुद्धा नव्हता.

पुढच्या वर्षी तो भरला. तुमचं स्वप्न वगैरे लोक म्हणतात, म्हणू देत. मी लाजेनं भरला. नोकरी सोडून, अठरा-अठरा वर्षांच्या मुलींत तीन वर्षं बसले. आयसीयूत पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा निम्म्या यंत्रांची नावंही मला माहीत नव्हती. त्या दिवशी वाटलं, तुम्ही उगीच हट्ट धरला नव्हता. आणि बाळंतपणाच्या वार्डात त्याच मुली गोंधळून माझ्या तोंडाकडं बघायच्या तेव्हा वाटलं, माझंही चुकलं नव्हतं. दोन्ही खरं होतं. हे तुमच्याशी बोलायला हवं होतं, ताटावर बसून, भांडत का होईना. आता मी जिल्ह्याच्या ठिकाणी स्टाफ नर्स आहे. छातीवर नावाची पट्टी आहे.

हे पत्र मी घडी करून युनिफॉर्मच्या खणात ठेवणार आहे, आईलाही दाखवणार नाही. पण एक सांगते. मागच्या महिन्यात आमच्याकडं नवीन मुली रुजू झाल्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांतली एक माझ्याशेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, "मॅडम, मी एएनएम करून मग जीएनएम केलंय. इथं कुणाला सांगितलं नाही अजून. तुम्ही डायरेक्टच केलं असेल ना?"

मी डब्याचं झाकण लावलं आणि हो म्हणाले.