पणजीची नवमी

अण्णा, आज सकाळी गावाहून आत्याचा फोन आला. उद्या अविधवा नवमी. तुम्ही गेल्यापासून पणजीच्या नावाने सवाष्ण जेवायला घालण्याचं काम तीच करते, आणि ऐंशी ओलांडली तरी वडे स्वतःच तळते. म्हणाली, "पीठ मळून ठेवलंय. पण गावला का रे तो? नवमी खरी की नाय, येवढं सांग मला. माझ्यामागं कोण करणार नाय, पण माझ्या हातून खोटं नको." मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत सांगतो. तीस वर्षं पेपरात काढली, दिलेली वेळ कधी चुकवली नाही. आता दुपारचे तीन वाजलेत आणि माझ्याकडे बातमी नाही.

तो म्हणजे तुमचे पणजोबा. मॉरिशसला उसाच्या मळ्यावर जाणाऱ्या जहाजात मुंबईला चढले, त्यानंतर त्यांचा निरोप नाही, पत्र नाही, मेल्याची बातमीही नाही. पणजीने कुंकू पुसलं नाही. म्हातारी होऊन गेली तेव्हा तिला हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून नेलं. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईचा म्हाळ नवमीला घालतात, म्हणून आपल्या घरात तिची नवमी सुरू झाली. ती कोणी ठरवली, कशाच्या आधारावर, हे कोणी विचारलं नाही. विचारलं ते तुम्ही.

मला आपलं मागचं स्वयंपाकघर दिसतं. आई वडे थापतेय, काळ्या वाटाण्याची उसळ रटरटतेय, तुम्ही केळीची पानं पुसत बसलायत. मी नुकताच पेपरात लागलेलो, माझी पहिली मोठी बातमी तुमच्यासमोर धरून उभा. तुम्ही चष्मा वर करून वाचलीत आणि एका ओळीवर बोट ठेवलंत. "'असे समजते' लिहिलंयस. कोणाला समजतं रे?" मी म्हटलं, अण्णा, तशी पद्धत असते. तुम्ही पान पुसत राहिलात. मग म्हणालात, "आपल्या घरातही तीच पद्धत आहे. पणजोबा जिवंत होते असं समजतं." आई म्हणाली, "सणावाराला पोराला बोलू नका हो," आणि तुम्ही पुढचं पान पुसायला घेतलंत.

पुढे तुम्ही इकडे आखातात, करामाला आमच्याकडे व्हिजिटवर आलात. रोज संध्याकाळी बाल्कनीत बसून खालची वर्दळ बघायचात. केरळची, पाकिस्तानची, आपल्या रत्नागिरीची माणसं, हातात पिशव्या, कानाला फोन. एकदा म्हणालात, "हे सगळे परत जायचं म्हणूनच आलेले असतात ना?" मी म्हटलं, हो, सगळेच. "तेही तसेच गेले असतील." मग खाली बघतच, "जमलं तर बघ. तिच्याआधी गेले की नंतर, एवढंच." तुम्ही माझ्याकडे फारसं कधी काही मागितलं नाहीत. म्हणून ते लक्षात राहिलं.

बघायला मात्र तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी लागलो. आमच्या ऑफिसात एक मॉरिशसची बाई आली. आडनाव आपल्या कोकणातलं, आजीला गणपतीची आरती तोंडपाठ, पण मराठी खलास. तिच्या मामाने तिथल्या दफ्तरखान्यात खेटे घालून जुन्या नोंदींच्या प्रती पाठवल्या. इंग्रज कारकून उतरलेल्या प्रत्येक माणसाला एक नंबर द्यायचा आणि चार गोष्टी लिहायचा: नाव, वय, जिल्हा, अंगावरची खूण. गाव नाही, बापाचं नाव नाही. आपल्या पणजोबांच्या नावाचे, त्यांच्या वयाचे, रत्नागिरीचे दोघं निघाले. एक दुसऱ्याच वर्षी मळ्यावरच्या इस्पितळात तापाने गेला. दुसऱ्याने करार पुरा केला, तिथेच राहिला, तिथल्या बाईशी घर मांडलं, पोरं झाली, नातवंडं झाली, आणि पणजीच्या नंतर चार वर्षांनी गेला. म्हणजे पहिला आपला असेल, तर तो बायकोचाच राहून मेला आणि पणजी जन्मभर नकळत विधवा होती. दुसरा आपला असेल, तर नवमी खरी, आणि तिचं वाट बघणं फुकट.

मी बातमीदार माणूस, खुणांवर भिस्त ठेवली. पहिल्याच्या मानेवर जखमेचा व्रण. दुसऱ्याच्या डाव्या पोटरीवर भाजल्याची खूण. इतकं स्पष्ट, इतकं सोपं. आत्याला फोन करून विचारलं, घरात कधी काही बोलणं झालं होतं का, व्रणाबिणाचं? ती हसायलाच लागली. "अरे, ती नवऱ्याचं नाव घेत नव्हती, अंगावरचं सांगेल?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तिने नाव कधीच घेतलं नाही. आपल्याकडे आलेलं नाव भाऊबंदांनी सांगितलेलं. घरातलं की पाळण्यातलं, तेही ठाऊक नाही. मान आणि पोटरी बघितलेली एकच बाई होती, आणि तिला ते कोणी विचारलं नाही. विचारण्यासारखं ते नव्हतंच. माझ्या बोटांचे ठसे, डोळ्यांचे फोटो इथल्या सरकारकडे आहेत. मी बायकोला म्हटलं, मी हरवलो तर मिनिटात सापडेन. ती म्हणाली, "ठसे कशाला? तुझ्या पाठीवर तीळ कुठे आहे ते मला माहीत आहे." मी उठून ते दोन्ही कागद पुन्हा काढले. लेकीने हेडफोन काढून विचारलं, "व्हॉट हॅपन्ड?"

त्या मॉरिशसच्या बाईला मी दोन्ही कागद दाखवले. तिने शांतपणे वाचले आणि विचारलं, "यातला तुला कुठला हवाय?" मी म्हटलं, हवा-नकोचा प्रश्न नाही, खरा कुठला ते हवंय. ती इथल्या अरबी लाडाच्या सवयीने म्हणाली, "हबीबी, ते आता कोणीच सांगणार नाही." आणि चहा घ्यायला निघून गेली.

इथवर लिहून मी थांबलो आणि आत्याला फोन लावला. म्हटलं, "कर नवमी."

"म्हंजे खरी?"

"खरी."

"बरं झालं बाबा. सुटले." तिचा श्वास मला ऐकू आला. "तूपण पान ठेव तिकडं. कावळे असतात का रे?"

"कबुतरं आहेत, आत्या."

"मग कबुतराला ठेव. त्यालापण भूक असते."

बायको खालच्या दुकानातून केळीची पानं घेऊन आलीय. हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही, आणि पत्ता असता तरी पाठवलं नसतं. कोणाला समजतं रे, असं तुम्ही विचाराल. पण त्या मॉरिशसच्या बाईचा प्रश्न मी टाळला, तो तुमच्यापुढे टाळवत नाही. पणजीला विसरलेला का असेना, अण्णा, मला तो दुसराच हवा आहे, पोटरीवर भाजल्याची खूण असलेला.